आलं… आलं… गेलं!

जुन्या टीव्हीवर केंद्र लागलं नाही की पडदाभर मुंग्या यायच्या. काळ्या-पांढऱ्या, वळवळणाऱ्या, आणि जोडीला कानाला नको होईल अशी खरखर. त्या मुंग्यांपैकी साधारण शंभरातली एक थेट विश्वाच्या जन्मातून आलेली असायची. ही कविकल्पना नाही, पक्कं भौतिकशास्त्र आहे.

१९६४ सालची गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेलला आर्नो पेंझियस आणि रॉबर्ट विल्सन हे दोघे शिंगाच्या आकाराच्या एका भल्यामोठ्या अँटेनावर काम करत होते. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, एक बारीक खरखर काही जाईना. न्यूयॉर्क शहराचा उपद्रव असेल म्हणून तिकडे अँटेना रोखून पाहिला. पत्र्याचे सांधे ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद केले. आत कबुतरांच्या जोडीने घर केलं होतं. ती पकडून दुसऱ्या गावी पाठवली, तर ती परत हजर! विष्ठा खरवडून काढली. खरखर तशीच. अखेर कळलं की ती १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची उरलेली ऊब आहे. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

या गोष्टीत मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं काम करण्याचं वळण. सांधा बघा, दिशा बदला, पाखरांची घाण काढा, एकेक संशयित बाद करा. घरच्या टीव्हीचं चित्र बिघडल्यावरही नेमकं हेच करायचं असतं. बिघाड आपली ओळख पडद्यावर स्वतःच सांगत असतो. ती वाचता आली की निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

भूत किती मीटर लांबून आलं?

अँटेनाच्या काळात भुतं सर्रास दिसत. वृत्तनिवेदिकेच्या उजव्या खांद्याला चिकटून तिचीच एक फिकट प्रतिमा. कारण सरळ आहे. मनोऱ्याकडून एक लहर थेट तुमच्या गच्चीवर येते आणि दुसरी समोरच्या टेकडीवर किंवा इमारतीवर आपटून जरा उशिरा पोचते. टीव्ही दोन्ही दाखवतो.

गंमत अशी की हे भूत पट्टीने मोजता येतं. जुन्या टीव्हीत पडद्यावरची एक ओळ डावीकडून उजवीकडे रंगवायला ५२ मायक्रोसेकंद लागत. तेवढ्यात रेडिओलहर साडेपंधरा किलोमीटर जाते. २० इंची टीव्हीचा पडदा साधारण ४० सेंटीमीटर रुंद. म्हणजे भूत मूळ चित्राच्या एक सेंटीमीटर उजवीकडे दिसत असेल, तर ती लहर जवळजवळ चारशे मीटर जास्तीचा फेरा मारून आलेली. नकाशा घेऊन बसलात तर ती कुठल्या इमारतीवर आपटली असेल याचा अंदाज बांधता येई.

उपाय मात्र बहुतेकांच्या समजुतीच्या उलट होता. लोक अँटेना जास्तीत जास्त जोर मिळेल तिकडे फिरवत. खरं तर भूत ज्या बाजूने येतं, तिकडे अँटेनाची कड करायची असते, कारण गच्चीवरच्या काड्यांच्या अँटेनाला दोन्ही कुशींना जवळजवळ ऐकूच येत नाही. मूळ सिग्नल थोडा कमी झाला तरी चालतो, भूत गेलं पाहिजे.

एका शहरात या भुतांवर उतारा म्हणून तेव्हाचा जगातला सगळ्यात उंच मनोरा बांधला गेला! कॅनडातल्या टोरोंटोत उंच इमारती उठल्या आणि जुने प्रक्षेपण मनोरे त्यांच्यापुढे बुटके ठरले. घरोघरी चित्रं बिघडली. मग सगळ्यांच्या डोक्यावरून प्रक्षेपण करता यावं म्हणून ५५३ मीटर उंचीचा सीएन टॉवर उभा राहिला. तो १९७६ मध्ये खुला झाला. पर्यटक काचेच्या जमिनीवर उभं राहून फोटो काढतात, पण त्याचा जन्म टीव्हीच्या तक्रारीतून झाला आहे.

लंडनकरांचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. कॅनरी व्हार्फचा पोलादाने मढवलेला टोलेजंग मनोरा उठला आणि मागच्या वस्तीतल्या शेकडो घरांचा टीव्ही बिघडला. रहिवासी कोर्टात गेले. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला आणि १९९७ मध्ये निकाल लागला: स्वतःच्या जमिनीवर इमारत बांधल्यामुळे शेजाऱ्याच्या टीव्हीचा सिग्नल अडला, तर तेवढ्याने कायद्याच्या लेखी उपद्रव होत नाही. तोवर बीबीसीने त्या भागासाठी छोटं पुनःप्रक्षेपण केंद्र उभारून प्रश्न सोडवला होता. अमेरिकेत हवा वेगळी. तिथे १९९६ पासूनच्या नियमानुसार, माणसाच्या स्वतःच्या ताब्यातल्या जागेत एक मीटरपर्यंतची डिश लावायला घरमालक किंवा सोसायटी सहसा मनाई करू शकत नाही. आपल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभांत गच्चीवरच्या डिशवरून जे रणकंदन होतं, ते आठवून हा नियम वाचला तर त्याची किंमत कळते.

सिंगापूरमधलं कोडं

कौलांवर, पत्र्यांवर, गच्च्यांवर दिसणाऱ्या त्या काड्यांच्या अँटेनाचं नाव यागी-उदा. १९२६ मध्ये जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो शोधला. प्रयोगांची बरीचशी मेहनत उदांची, पण १९२८ मधला इंग्रजी लेख यागींच्या नावाने निघाला आणि जगाच्या तोंडी यागीच राहिलं. मला हे नेहमी खटकतं. दोन्ही नावं घ्यावीत.

खुद्द जपानने मात्र या शोधाकडे काणाडोळा केला. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिश रडारची कागदपत्रं लागली. त्यांत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि जपानी तंत्रज्ञांना त्याचा उलगडाच होईना. शेवटी युद्धकैद्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे!

आता हा अँटेना नीट बघू. वायर जोडलेली काडी एकच असते. ती बहुधा लांबट वळशाची, दुमडलेली. बाकीच्या काड्यांना कुठलीही वायर नसते, तरी त्या कामाच्या असतात. मागची काडी सगळ्यात लांब, ती लहर परत पुढे ढकलते. पुढच्या काड्या आखूड, त्या लहरीला वाट दाखवतात. म्हणून आखूड बाजू मनोऱ्याकडे आणि लांब काडी पाठीमागे. गच्च्यांवर हा अँटेना उलटा लावलेला हमखास सापडे, आणि वर ‘आमच्याकडे सिग्नलच येत नाही’ अशी तक्रार.

काड्या एवढ्या लांब का, तर लहर लांब म्हणून. ६० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर ५ मीटरची, तिच्या निम्मी म्हणजे अडीच मीटरची काडी. कावळ्यांची अख्खी पंगत मावावी एवढी.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीचा मनोरा ३०० मीटरचा. एवढ्या उंचीवरून निघालेल्या लहरीचं क्षितिज साधारण ७० किलोमीटरवर येतं. पुणे त्याच्या कितीतरी पलीकडे, आणि मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. म्हणून १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र आलं. त्यानंतर पुण्यात वाट चुकलेल्या माणसाने नुसतं गच्च्यांकडे वर पाहिलं तरी सिंहगड कुठल्या अंगाला आहे ते कळायचं. सगळ्या अँटेनांच्या आखूड काड्या तिकडेच!

त्या काळात दूरदर्शनवर ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी लागली की लोक वैतागत. दुरुस्तीच्या दृष्टीने ती पाटी फार मोलाची होती. पाटी स्वच्छ दिसतेय, याचा अर्थ तुमचा अँटेना, वायर आणि टीव्ही तिन्ही ठणठणीत आहेत. बिघाड तिकडे आहे. कुणी गच्चीवर चढायची गरज नाही.

हात लावला की दिसतं, सोडला की जातं

एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात, एकजण टीव्हीपुढे. ‘आलं का?’ ‘नाही!’ ‘आता?’ ‘आलं, आलं… गेलं!’ महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीला हा संवाद तोंडपाठ आहे. अँटेनाला धरून उभं राहिलं की चित्र स्वच्छ आणि हात काढला की मुंग्या, हा अनुभवही घराघरातला. यात भ्रम काही नाही. माणसाचं शरीर खारट पाण्याने भरलेलं, विजेचं बऱ्यापैकी वाहक. आपण अँटेनाला हात लावतो तेव्हा आपणच त्याचा एक भाग होतो. त्यातून शिकायचं ते एवढंच: हात लावल्यावर चित्र सुधारत असेल, तर अँटेना अपुरा पडतोय, चुकीच्या जागी आहे किंवा त्याची वायर सुटलेली आहे.

अँटेनाला ॲल्युमिनियमची ताटली किंवा झाकण बांधायची युक्तीही फार गाजलेली. बांगलादेशात तर दूरदर्शन पकडण्यासाठी लोक झाकणं टांगत. चालते का ही युक्ती? लहरीवर अवलंबून. धातूचा तुकडा लहरीच्या निम्म्या लांबीच्या आसपास असेल तर तो परावर्तक होतो. ५०० मेगाहर्ट्झला निम्मी लहर ३० सेंटीमीटरची, तिथे जेवणाचं ताट खरंच उपयोगी पडू शकतं. अडीच मीटरच्या काडीवाल्या अँटेनाला मात्र ताटलीने फारसं काही होत नाही.

मिक्सर लावला की पडद्यावर रेघा यायच्या, त्याचंही कारण सुरेख आहे. मिक्सरच्या मोटरीत कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्यावर घासतात आणि बारीक ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजे रेडिओलहरींचा स्फोट. मार्कोनीने सुरुवातीची बिनतारी यंत्रं ठिणगीवरच चालवली होती. तेव्हा चटणी वाटताना आपण नकळत एक छोटं प्रक्षेपण केंद्रच चालवत असू. गल्लीतून फटफटी गेली की पडद्यावर ठिपक्यांची ओळ धावायची, ती तिच्या स्पार्क प्लगची करणी.

हा त्रास उलट दिशेनेही होतो. वेल्समधल्या आबेरहोसान नावाच्या खेड्यात रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं इंटरनेट बसायचं. दीड वर्ष कुणाला कारण सापडेना. केबल बदलून झाल्या. शेवटी इंजिनिअर लहरी मोजायचं यंत्र हातात घेऊन भल्या सकाळी पावसात गावभर फिरले, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. मालक सात वाजता तो लावत आणि त्यातून निघणारा विजेचा गोंगाट अख्ख्या गावाला पुरत असे. ही बातमी २०२० मध्ये जगभर गाजली.

आणि कधी कधी बिघाड नसून निसर्गाची भेट असते. समुद्रावर थंड, दमट हवेच्या थरावर गरम, कोरडी हवा पसरली की लहर वर निसटण्याऐवजी पाण्याला धरून शेकडो किलोमीटर जाते. अशाच दिवसांत मुंबईच्या गच्च्यांवर कधीमधी पाकिस्तान टीव्ही लागायचा. अमृतसर-लाहोरला तर असल्या योगायोगाची गरजच नव्हती. दोन शहरं इतकी जवळ की इकडचे लोक तिकडची नाटकं आणि तिकडचे लोक इकडचे हिंदी सिनेमे पाहत. पण अजब विक्रम १९३८ चा. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसवरून निघालेलं बीबीसीचं प्रक्षेपण त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये थेट न्यूयॉर्कजवळ दिसलं. आभाळातल्या विद्युतभारित थरावर आपटून ते अटलांटिक ओलांडून गेलं होतं. तिथल्या माणसांनी पडद्यावरची ती धूसर चित्रं फिल्मवर टिपली, म्हणून युद्धापूर्वीच्या बीबीसीच्या थेट प्रक्षेपणाचा पुरावा आज शिल्लक आहे.

कोंबड्यांची जाळी आणि विकाऊ उपग्रह

आता छत्रीकडे येऊ. डिशला आपल्याकडे छत्रीच म्हणतात.

भारतातल्या खेड्यांनी छत्री पहिल्यांदा पाहिली ती १९७५ मध्ये. नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. इस्रोच्या इंजिनिअरांनी त्यासाठी तीन मीटरच्या छत्र्या बनवल्या, आणि त्या मढवल्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीने. भोकांतून सिग्नल गळत नव्हता का? नाही. त्या उपग्रहाची लहर ३५ सेंटीमीटरची होती. लहरीपेक्षा भोकं फारच लहान असली की लहरीच्या लेखी ती जाळी अख्खा पत्राच असते. जाळी हलकी, स्वस्त, वाऱ्याला न अडवणारी. भारतीय अभियांत्रिकीतल्या माझ्या सगळ्यात आवडत्या कल्पनांपैकी ही एक.

आजच्या डीटीएचची लहर अडीच सेंटीमीटरच्या आसपास. त्यामुळे डिशवर चार ओरखडे आले, रंग उडाला, गंजाचं बारीक भोक पडलं तरी घाबरायचं कारण नाही. डिश चेपली असेल तर मात्र बदला, कारण दोन मिलिमीटरचा पोचाही लहरींची जुळणी मोडतो. आणि हौसेने तिला चकचकीत रंग कधीही देऊ नका. डिशचा पृष्ठभाग मुद्दाम मंद ठेवलेला असतो, नाहीतर उन्हाची उष्णता पुढच्या दांडीवरच्या एलएनबीवर, म्हणजे सिग्नल झेलणाऱ्या डबीवर, एकवटून त्याचं प्लॅस्टिक वितळायचं.

आपल्या घरांत परदेशी आणि खासगी वाहिन्या आणणाऱ्या उपग्रहाची कथा तर सिनेमात शोभेल. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून वेस्टार-६ नावाचा उपग्रह सोडला. त्याचं रॉकेट नीट पेटलं नाही आणि तो भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान गेलं. जो ॲलन आणि डेल गार्डनर हे अंतराळवीर बाहेर पडले, त्यांनी तो चक्क हातांनी पकडला आणि यानात घालून परत आणला. जोडीचा दुसरा उपग्रहही असाच पकडला होता. ‘विकणे आहे’ अशा अर्थाची पाटी हातात धरून अवकाशात काढलेला गार्डनरचा फोटो अजून गाजतो. तो वेस्टार-६ खरंच विकला गेला, दुरुस्त झाला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर गेला. नवं नाव एशियासॅट-१. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आणि १९९२ मध्ये झी टीव्ही भारतात उतरले ते या दुरुस्त केलेल्या उपग्रहावरून!

एक सेंटीमीटर म्हणजे सहाशे किलोमीटर

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथे फेरी मारायला पृथ्वीच्या एका गिरकीएवढाच वेळ लागतो, म्हणून ते आपल्याला आभाळात एका जागी खिळल्यासारखे मिळतात. ही कल्पना विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये तपशीलवार मांडली होती.

भारतातले प्रमुख डीटीएच उपग्रह ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशाच्या दरम्यान आहेत. दूरदर्शनच्या फ्री डिशचा ९३.५ अंशांवर. सगळा महाराष्ट्र त्यांच्या पश्चिमेला आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला. म्हणून सावंतवाडीपासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही घरावरची डीटीएचची छत्री आग्नेयेच्या अंगाला वळलेली दिसेल. ऑस्ट्रेलियात छत्र्या उत्तरेकडे पाहतात. विषुववृत्तावरच्या इंडोनेशियात त्या जवळजवळ आभाळाकडे तोंड करून उताण्या असतात.

मुंबईतून फ्री डिशचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर दिसतो, म्हणजे बराच डोक्याकडे. पण गच्चीवरची डिश पाहिली तर ती समोरच्या इमारतीच्या खिडकीत बघतेय असं वाटतं. ती तिरकी चुकलेली नाही. या डिशची घडणच अशी की लहर खाली वाकून एलएनबीत जाते, आणि तोंड उभट राहिल्यामुळे पाणी आणि पालापाचोळा साचत नाही. समोरची इमारत किती लांब हवी याचा हिशेबही सोपा: मुंबईत ती डिशपेक्षा दहा मीटर उंच असेल तर साडेसहा मीटर अंतर पुरतं.

नेम मात्र फार बारीक लागतो. ६० सेंटीमीटरच्या डिशची एक कड समोरच्या कडेच्या मानाने एक सेंटीमीटर हलली की तोंड जवळजवळ एक अंशाने फिरतं. तेवढ्याने उपग्रहापाशी नेम सहाशे किलोमीटरहून जास्त चुकतो. माकडं, पतंगाचा मांजा, कपडे वाळत घालायची दोरी डिशच्या खांबाला बांधणं, एवढी कारणं पुरतात. म्हणून चित्र गेल्यावर पहिली गोष्ट: खांब हाताने हलवून पाहा. डुलत असेल तर बाकी काही शोधू नका, नटबोल्ट आवळल्याशिवाय उपयोग नाही. डिश नीट बसली की कंसावर खडूने किंवा मार्करने खूण करून ठेवा. पुढच्या वेळी ती सरकली की नाही ते एका नजरेत कळेल.

आणि तुमच्या डिशवर पोचणारी शक्ती किती? वॅटच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा कुजबुजीतून शेकडो वाहिन्या वेगळ्या काढल्या जातात, हे मला आजही थक्क करतं.

पाऊस, सूर्य आणि बदामाचं झाड

कोकणात पावसाचा जोर वाढला की टीव्ही अडकतो, आधी चौकोन चौकोन, मग कोरा पडदा. अडीच सेंटीमीटरची लहर आणि मिलिमीटरभराचे थेंब, त्यामुळे पाणी बरीच शक्ती पिऊन टाकतं. केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्या साडेसात सेंटीमीटरच्या लहरीवर चालतात, त्यांना पाऊस इतका नडत नाही.

जुना टीव्ही हळूहळू बिघडायचा. डिजिटल टीव्ही शेवटपर्यंत लखलखीत दिसतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे बिघाड वाढत असतो, पण कळत नाही. सिग्नलची थोडी शिल्लक हवी, बँकेत अडीअडचणीला असते तशी. मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं चित्र गेलं तर ते साहजिक आहे, थांबा. भुरभुर पावसातही जात असेल तर शिल्लक आधीच संपलीय: डिश सरकली आहे, सांध्यात पाणी आहे किंवा एलएनबीच्या तोंडावरचं झाकण तडकलं आहे. उघडीप असताना सेट-टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलचे आकडे कागदावर लिहून ठेवा. आजारी पडण्याआधीचे आकडे हाताशी असणं फार उपयोगी.

तिथे दोन पट्ट्या दिसतात, जोर आणि दर्जा. जोर भरपूर आणि दर्जा शून्य, असं दिसलं तर लोक बुचकळ्यात पडतात. अर्थ स्पष्ट आहे. एलएनबी जिवंत आहे, वायर शाबूत आहे, पण डिश भलतीकडे बघतेय. दोन्ही शून्य असतील तर वायर किंवा एलएनबी गेलेला. आणखी एक: बॉक्स त्याच वायरमधून वर एलएनबीला वीज पाठवतो, कधी १३ व्होल्ट, कधी १८. उभ्या लहरी हव्यात की आडव्या, ते या व्होल्टेजने ठरतं. दोन्ही तऱ्हेच्या लहरी वापरणाऱ्या उपग्रहावर ठराविक वाहिन्यांचा गठ्ठाच गायब होत असेल, तर ओला सांधा किंवा फार लांब वायर १८ व्होल्ट वर पोचू देत नाही, असा संशय घ्यावा.

झाडंही लबाड असतात. हिवाळ्यात बदामाची पानं गळलेली असताना बसवलेली डिश नवी पालवी दाट झाली की आंधळी होते. पानांत पाणी असतं, तेच लहर अडवतं.

झाड आड येतंय की नाही हे तपासायची एक फुकट आणि अचूक युक्ती आहे. वर्षातून दोनदा, महाराष्ट्रात मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आसपास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. काही दिवस रोज काही मिनिटं सूर्याच्या रेडिओगोंगाटात सिग्नल बुडतो. शेअर बाजार आणि वाहिन्या याच्या सूचनाही काढतात. फ्री डिशसाठी मुंबईकडे ही वेळ सकाळी अकराच्या सुमारास येते. त्या वेळी सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात. म्हणून गच्चीवर जा आणि डिशकडे पाहा. तिच्यावर लख्ख ऊन असेल तर वाट मोकळी. फांदीची किंवा टाकीची सावली पडली असेल, तर तीच फांदी, तीच टाकी वर्षभर तुमचा सिग्नल खातेय. कुठलंही यंत्र नको, होकायंत्र नको.

सगळ्यात स्वस्त भाग

माझ्या मते घरच्या टीव्हीचे सर्वांत जास्त बिघाड एका दहा-वीस रुपयांच्या वस्तूत असतात: वायरच्या टोकाचा फिरकीचा कनेक्टर. यात मधली तांब्याची तार हीच पिन असते. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक धागा जरी तिला चिकटला तरी सगळं ठप्प. कनेक्टर उघडा, टॉर्च मारून आत बघा. तांबं चकचकीत हवं. हिरवट किंवा काळं दिसलं तर पाणी शिरलंय. तेवढं टोक कापून नवा कनेक्टर लावायचा, पाण्याने वायर आत लांबवर काळी पडली असेल तर वायरच बदलायची. हे सगळं बॉक्सची वीज बंद करून. ओल्या पत्र्यावर, ढग गडगडताना किंवा विजेच्या तारांजवळ धातूचा खांब घेऊन जायचं नाही, चित्र दोन दिवस नसलं तरी चालेल.

वर डिशपाशी कनेक्टरवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळा. आणि वायर घरात शिरते तिथे, खिडकीच्या जरा खाली तिला एक झोळ देऊन मग वर आत घ्या. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं ते त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं, भिंतीत किंवा बॉक्समध्ये शिरत नाही. वायर बसवणारा घाईत असेल तर हा झोळ तो हमखास विसरतो. तो जायच्या आधी सांगून करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.